केवळ मक्यावर अंडीं मिळत नाहींत

आपल्या सिल्लोड-कन्नडकडे मका मुबलक. म्हणून कोंबड्यांपुढें चार मुठी मका टाकला कीं काम झालें, असें पुष्कळ शेतकरी बंधू समजतात. मक्यानें शक्ति येते हें खरें. परंतु अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत शेंकडा १६ ते १८ भाग प्रथिनें लागतात, मक्यांत तीं सुमारें ९ च असतात. शिवाय एका अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें. तें खाद्यांत नसल्यास कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते व अखेर पायांनीं अधू होते. यास्तव मक्यास सोयाबीनच्या पेंडीची व शिंपल्यांच्या चुऱ्याची जोड अवश्य द्यावी. म्हशीस सरकीची पेंड मोजून घालणाऱ्यानें कोंबडीस उकिरड्यावर सोडून अंड्यांची अपेक्षा करणें, हा हिशेब न्यायाचा नव्हे.