अपूर्णांकाला जागा द्या

कागदावर एक सरळ रेघ ओढा. तिच्यावर सारख्या अंतराने ०, १, २, ३ असे अंक लिहा. ही झाली संख्यारेषा. आता या रेषेवर ७/४ ही संख्या कोठे येईल तेथे एक ठिपका काढा.

प्रश्न साधा आहे. पण हाच प्रश्न वर्गात विचारून पाहा. ३/४ दाखवायला पुष्कळ हात वर होतील, ७/४ म्हणताच त्यांतले बरेचसे खाली येतील. कोणी रेष लांबवून ४ आणि ७ यांच्यामध्ये खूण करील. एखादा विद्यार्थी तर सरळच विचारील, "चार भागांपैकी सात भाग कसे घेता येतील?"

या विद्यार्थ्याला हसू नका. त्याला जे शिकवले गेले त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. अपूर्णांकाशी आपली पहिली ओळख होते ती भाकरीच्या चित्रातून. भाकरीचे चार सारखे भाग केले आणि त्यांतले तीन रंगवले की ३/४ झाला. खाली एकूण भाग म्हणजे छेद, वर घेतलेले भाग म्हणजे अंश. ओळख म्हणून हे चित्र उत्तमच आहे. पण आपण ओळखीवरच थांबतो आणि लगेच बेरीज, वजाबाकी, गुणाकाराच्या रीतींकडे वळतो. मुलाच्या मनात मात्र अपूर्णांक म्हणजे भाकरीचा तुकडा एवढेच राहते. अपूर्णांक ही ५ किंवा १२ यांच्यासारखीच एक संख्या आहे, तिला स्वतःची लहानमोठी किंमत आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याला दिसतात त्या दोन संख्या : एक आडव्या रेघेच्या वर आणि एक खाली.

याचा परिणाम काय होतो? अमेरिकेत १९७८ साली राष्ट्रीय पातळीवर घेतलेल्या एका चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की, १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज साधारण किती येईल? आकडेमोड करायची नव्हती. १, २, १९ आणि २१ या चार उत्तरांतून एक निवडायचे होते. १२/१३ ही संख्या एकाहून किंचित कमी, ७/८ हीसुद्धा एकाहून थोडी कमी. म्हणजे बेरीज दोनच्या आसपास. हे बरोबर उत्तर केवळ २४ टक्के मुलांनी दिले. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ हे उत्तर निवडले. १२ आणि ७ यांची बेरीज १९, तर १३ आणि ८ यांची २१! एकाहून लहान असलेल्या दोन संख्या मिळवून १९ कसे होतील, असा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण त्या संख्या केवढ्या आहेत याचे चित्रच त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, अपूर्णांकाला संख्यारेषेवर जागा देणे हा धड्याच्या शेवटचा एखादा ऐच्छिक प्रश्न नसावा. अपूर्णांकांची बेरीज शिकवण्यापूर्वीच प्रत्येक मुलाला ते आले पाहिजे.

रेषेवर अपूर्णांक वाचण्याची रीत अशी. छेद सांगतो पाऊल केवढे, आणि अंश सांगतो पावले किती. ७/४ मध्ये छेद ४ आहे. म्हणजे ० ते १ या अंतराचे चार सारखे भाग करायचे. त्यांतला एक भाग हे आपले पाऊल. शून्यापासून अशी सात पावले टाकायची. चौथ्या पावलाला आपण १ वर पोहोचतो, आठव्याला २ वर पोहोचलो असतो. सातवे पाऊल पडते ते दोनच्या एक पाऊल अलीकडे. 'चार भागांपैकी सात' ही अडचण येथे उरतच नाही. रेष पुढे मोकळी आहे, हवी तितकी पावले टाका.

गंमत अशी की, ही जागा आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दोनच्या पाव अलीकडे, म्हणजे पावणेदोन! सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेपाच हे शब्द तुकडे सांगत नाहीत, ते ठिकाण सांगतात. घड्याळ पाहताना तुम्ही ते रोज वापरता. दुपारी बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली की घरात कोणीतरी म्हणते, "पाऊण वाजला." म्हणजे बाराला शून्य मानून पाऊण तास पुढे आलो. घड्याळ ही गोल वाकवलेली संख्यारेषाच नाही का? सुताराचा टेप पाहा. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सुतार जेव्हा 'तीन इंच पाच सूत' म्हणतो, तेव्हा तो संख्यारेषेवर ३ पूर्णांक ५/८ ही जागा अचूक दाखवत असतो. जो मुलगा घड्याळात पावणेदोन ओळखतो, त्यालाच वहीतला ७/४ परका वाटावा, हे आपल्या शिकवण्यातले न्यून आहे.

पूर्वीच्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा बाजारात हे पाढे उपयोगी पडत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हळूहळू हे पाढे मागे पडले. ते पुन्हा पाठ करावेत असे मी म्हणणार नाही. पण त्यांत एक गुण होता. दिडकी म्हणणाऱ्या मुलाला दोनदा दीड म्हणजे तीन आणि तीनदा दीड म्हणजे साडेचार हे ठाऊक असे. त्याच्या दृष्टीने दीड ही एक सरळ संख्या होती. पाढे गेले, त्यांच्याबरोबर हा सरावही गेला. ती जागा आता संख्यारेषेने भरून काढावी.

रेष चुका कशा पकडते तेही पाहा. १२ सेंटीमीटर अंतराला १ माना. मग १/३ येतो ४ सेंटीमीटरवर आणि १/४ येतो ३ सेंटीमीटरवर. चार हा तीनपेक्षा मोठा म्हणून १/४ मोठा, ही समजूत तेथेच गळून पडते. आता एक नेहमीची चूक घ्या : १/२ + १/३ = २/५. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. रेषेवर १/२ आहे ६ सेंटीमीटरवर आणि २/५ आहे ४.८ सेंटीमीटरवर. म्हणजे भर घालायला निघालो आणि मागेच आलो! गुरुजींनी लाल शाईने फुली मारण्याची गरज नाही. चूक मुलाला स्वतःलाच दिसते. खरे उत्तर ६ अधिक ४ म्हणजे १० सेंटीमीटरवर, अर्थात ५/६.

यावर काही शिक्षक म्हणतात, "भाकरी डोळ्यांना दिसते, रेष ही कल्पना आहे, लहान मुलांना ती कशी पेलणार?" पण फूटपट्टी, दोरी आणि घड्याळ मुलांच्या हातात असतातच. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. रेषेवर मुले नव्याच चुका करतात. ० ते ४ पर्यंतची रेष दिली की १/२ ची खूण २ वर करतात, कारण सगळ्या रेषेलाच ती एक समजतात. किंवा दोन खुणांमधली अंतरे मोजण्याऐवजी खुणाच मोजतात आणि शून्याची खूण पहिली धरतात. या चुका खऱ्या आहेत. पण त्या रेषेमुळे जन्माला आलेल्या नाहीत. 'एक म्हणजे केवढे?' हा अपूर्णांकातला मुख्य प्रश्नच मुलाला कळलेला नव्हता, तो रेषेने उघडा पाडला. रोग दाखवणाऱ्या तापमापकाला दोष देऊन कसे चालेल?

भाकरीचे चित्र टाकून द्या, असेही माझे म्हणणे नाही. वाटणी समजावी ती भाकरीनेच. अपूर्णांकांचा गुणाकार आयताच्या क्षेत्रफळावरून अधिक चांगला कळतो. पण 'केवढा?' आणि 'कोणता मोठा?' या प्रश्नांचे उत्तर रेषेइतके नेमके कोणी देत नाही.

आता एक कृती करा. कागदाची १२ सेंटीमीटर लांबीची पट्टी कापा. ही तुमची १. घडी घालून तिचे दोन, चार, आठ भाग सहज होतात. पण पाच किंवा सात भाग कसे करायचे? रेघांची वही उघडा. पट्टीचे एक टोक एका रेघेवर आणि दुसरे टोक तिच्या खालच्या पाचव्या रेघेवर येईल अशी पट्टी तिरकी ठेवा. मधल्या चार रेघा पट्टीच्या कडेला जेथे मिळतात तेथे खुणा करा. पट्टीचे पाच समान भाग झाले! सारख्या अंतरावरच्या समांतर रेषा कोणत्याही छेदिकेचे सारखेच तुकडे करतात, हा भूमितीतला गुणधर्म येथे कामी आला. सात भागांसाठी सातवी रेघ धरा. मग ही पट्टी रेषेवर पुढे पुढे ठेवून ८/५, ९/७ अशा संख्यांच्या जागा शोधा.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात एक दोरी बांधा, तिच्यावर ०, १, २ च्या चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावा आणि रोज एका मुलाला एक अपूर्णांक लावायला सांगा. 'येथेच का?' हे बाकीच्या मुलांनी विचारावे. परीक्षेतही 'सोडवा' याबरोबर 'कोठे आहे ते दाखवा' असा एखादा प्रश्न असू द्या, कारण परीक्षेत जे विचारले जात नाही ते वर्गात फार काळ टिकत नाही.

पुढच्या इयत्तांत ऋण संख्या, दशांश अपूर्णांक आणि आलेख याच रेषेवर उभे राहतात. कोणत्याही दोन अपूर्णांकांमध्ये आणखी एक अपूर्णांक सापडतोच आणि तरीही २ च्या वर्गमुळाची जागा कोणत्याच अपूर्णांकाने भरत नाही, हे आश्चर्य तेथे तुमची वाट पाहत आहे. पण त्यासाठी आधी ७/४ ला त्याच्या जागी बसवता आले पाहिजे. पट्टी कापा आणि सुरुवात करा.