अळीची ओळख आणि औषधाची शिफारस

कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबाग गावी माडाची आळी खणताना, गायरीतले खत उपसताना, किंवा अलीकडे पर्यटकनिवासांपुढे राखलेल्या हिरवळीखाली अर्धवर्तुळाकार वळलेली पांढुरकी अळी सापडली, की तिला सरसकट ‘हुमणी’ ठरवून जमिनीत कीटकनाशक ओतण्याची शिफारस करावी, हा आपल्या व्यवसायातील प्रघात आता मोडावयास हवा.

हुमणी जिवंत मुळे खाते. गेंड्या भुंग्याची अळी मात्र कुजलेले शेण, पालापाचोळा व सडलेले खोड यांवरच पोसते, आणि माडाचे नुकसान करतो तो तिचा प्रौढ भुंगा, जो न उमललेला कोंब पोखरतो व ज्याच्या करणीचा दाखला पुढे त्रिकोणी कातरलेल्या झावळ्यांत मिळतो. तेव्हा तिचा बंदोबस्त गायरीतच व्हावयास हवा : खत वरचेवर उलथून अळ्या वेचाव्या, मेटारायझियम बुरशी मिसळावी. रेताड जमिनीत, विहिरी जवळ असताना, आळ्यात ओतलेले विष पाण्यात उतरण्याचे भय आहे, आणि भुंग्यास त्याचा उपद्रव नाही.

ओळख पटविण्यास दहापट भिंग पुरेसे आहे. अळीस पायच नसतील, तर ती सोंड्याच्या कुळातली. तीन जोड्या पाय असतील, तर तिला सपाट फळीवर सोडावे. ती उताणी होऊन पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलभुंग्याची, म्हणजे बहुधा निरुपद्रवी, खत कुजविण्यास साहाय्यच करणारी. तसे न झाल्यास शेवटच्या खंडाची खालची बाजू निरखावी : हुमणीच्या पुष्कळ जातींत तेथे ताठ केसांच्या दोन समांतर रांगा दिसतात, गेंड्याच्या अळीत केस विखुरलेले असतात.

एवढ्याने जातीचा निर्णय लागला नाही, तर अळी कढत पाण्यात क्षणभर बुडवून मद्यार्कात ठेवावी, म्हणजे ती काळी पडत नाही. आणि तारीख, खोली, पीक व जागा यांचा तपशील चिठ्ठीवर लिहून ती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे अथवा भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राकडे तपासणीस धाडावी. आमची वाचकांस विनंती एवढीच, की अळी उताणी करून पाहिल्यावाचून औषधाच्या चिठ्ठीवर कोणी सही करू नये.