नदीची टोळी

बीड जिल्ह्यातील नद्यांच्या पुनरुज्जीवनाचा विचार गेली दहा वर्षे प्रामुख्याने यंत्रांच्या, निधीच्या आणि काढलेल्या गाळाच्या घनमीटरांच्या भाषेत झाला. हे काम कोणाच्या हातून, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या मोबदल्यावर व्हावयाचे, या प्रश्नाला त्या विचारात फार थोडी जागा मिळाली. प्रस्तुत दिवाळी अंक नदी या विषयाला वाहिलेला असल्यामुळे त्याच्या आरंभी हाच प्रश्न मांडणे उचित आहे, कारण नदी पुन्हा वाहती करणे हे एका उन्हाळ्यात उरकणारे बांधकाम नसून वर्षानुवर्षे चालणारी देखभाल आहे, आणि देखभालीसाठी गावात माणसे असावी लागतात. बीड जिल्ह्यात नेमकी हीच धडधाकट माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा चढू लागल्यावर परततात.

जिल्ह्याची भूरचना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. बालाघाटाच्या डोंगररांगेने या प्रदेशाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले असून मोठ्या नद्यांपैकी गोदावरी तेवढी उत्तर सीमेवरून वाहत येते. इतर बहुतेक नद्या याच डोंगरात जन्म घेतात. मांजरा पाटोदा तालुक्यातील गवळवाडीजवळ उगम पावून पूर्वेकडे जाते आणि केज तालुक्यातील धनेगावच्या धरणातून लातूरची तहान भागवते. सिंदफणा माजलगावच्या धरणात अडते आणि पुढे मंजरथ येथे गोदावरीला मिळते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा आणि पूर्वेकडची कुंडलिका या दोन्ही सिंदफणेच्या उपनद्या होत. उगम जिल्ह्यातच असल्याचा अर्थ असा की या नद्यांचे दुखणे वरच्या कोणावर ढकलता येत नाही आणि त्यावरचा उपायही वरून कोणी आणून देणार नाही. वर्षाचा सरासरी पाऊस साधारण 600 ते 700 मिलिमीटर, तोही मोजक्या दिवसांत कोसळणारा. त्यामुळे ज्या खोऱ्यातील धरण कोरडे पडल्याने 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच खोऱ्यातील शेते 2025 च्या सप्टेंबरात पुराखाली गेली. त्या महिन्याच्या अतिवृष्टीत सिंदफणा, मांजरा आणि सीना यांनी काठ ओलांडले तेव्हा पुराबरोबर शेतातली मातीही गेली, आणि खरवडलेल्या त्या जमिनी पुन्हा पेरणीजोग्या करण्याचे काम आजही पुढे पडलेले आहे.

या नद्यांच्या तळाशी दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याच्या थरांनी बनलेला काळा पाषाण आहे. त्याचे सर्व थर सारखे नसतात. काही थर भेगाळलेले, सच्छिद्र किंवा झिजून मुरूम झालेले असल्याने पाणी धरतात, तर काही इतके घट्ट असतात की त्यांतून पाणी झिरपत नाही. नदीच्या तळातील वाळू पुराचे पाणी क्षणभर अडवून हळूहळू खाली सोडते. ती वाळू उपसली आणि तळ यंत्राने सरसकट खोल केला, तर पात्रात चार महिने पाणी साठलेले दिसते खरे, पण काठच्या विहिरींतील पाणी त्या खोल चरात उतरून येण्याचा धोका असतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात वरची माती येऊन तो चर पुन्हा भरतो. म्हणूनच पाणलोट क्षेत्राच्या शास्त्रात ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व मानले गेले आहे. पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळते तो सारा भूभाग. त्याच्या माथ्यावर सलग समतल चर, उतारावर बांधबंदिस्ती, घळीत दगडी बांध आणि शेवटी नाल्यावर बंधारा, या क्रमाने पाणी अडवत यावे, असे ते तत्त्व सांगते. नदी सरळ आणि खोल करण्याची किंमत इतरत्रही मोजली गेली आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात किसिमी नावाची वळणावळणाची नदी 1962 ते 1971 या काळात पूरनियंत्रणासाठी सरळ कालव्यात बसविण्यात आली आणि तिची काही वळणे परत मिळविण्याचे काम 1999 मध्ये सुरू होऊन 2021 पर्यंत चालले.

माथ्यावरचे काम विखुरलेले, उंचसखल जागी, हातांनी आणि नजरेने करण्याचे असते. पायथ्याचे काम मात्र यंत्राला सोयीचे आणि छायाचित्राला देखणे असते. निधी, ठेकेदार आणि घाई या तिन्ही गोष्टी कामाला पायथ्याकडे ओढतात. 2014 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या कागदोपत्री आराखड्यात माथ्यावरच्या कामांना स्थान होते, तरी प्रत्यक्षात नाला खोलीकरण आणि रुंदीकरण हीच त्याची लोकांच्या मनातली ओळख झाली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी या अभियानाची तपासणी केली तेव्हा निवडलेल्या जिल्ह्यांत बीडचा समावेश होता; 9,633 कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजलपातळी वाढविण्याच्या उद्दिष्टात अभियानाला फारसे यश आले नाही, असा निष्कर्ष 2020 मध्ये विधिमंडळापुढे आला, आणि झालेल्या कामांच्या देखभालीकडे दुर्लक्ष झाल्याचेही त्यात नोंदले गेले. अभियानाने अनेक गावांना दिलासा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बंधारा बांधून झाल्यावर त्याची भिंत कोण तपासणार आणि त्यामागचा गाळ कोण काढणार, हे जेथे ठरलेले नसते तेथे पहिल्या मोठ्या पुरातच कामाचे आयुष्य संपते.

माणसांच्या हातांवर विश्वास ठेवणारा प्रयोगही याच जिल्ह्यात झाला आहे. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 1982 मध्ये स्थापन केलेल्या ‘मानवलोक’ने पाणलोटाच्या कामाला गावाच्या संघटनेची जोड दिली. पुढे 2016 मध्ये पानी फाउंडेशनने आपली पहिली वॉटर कप स्पर्धा वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीनच तालुक्यांत घेतली आणि अंबाजोगाई तालुक्यातील खापरटोन या गावाने दुसरे पारितोषिक विभागून मिळविले. गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण आणि मग श्रमदान, हा या स्पर्धेचा गाभा होता. ए-फ्रेम हे साधन त्यामुळे अनेकांच्या हाती आले: तीन काठ्यांची चौकट, तिच्या शेंड्याला दोरीने लोंबणारा दगड, आणि दोरी आडव्या काठीवरील खुणेशी आली की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीवर आहेत, ही समजूत. एवढ्या साधनावर एखादा तरुण डोंगराच्या अंगावर समपातळीची रेषा आखू शकतो, ही गोष्ट लहान नाही. तथापि श्रमदान उत्सवाच्या बळावर चालते आणि उत्सवाला शेवट असतो. पंचेचाळीस दिवस पहाटे टिकाव-फावडे घेऊन जाणारे गाव सेहेचाळिसाव्या दिवशी आपल्या पोटामागे लागते, यात गावाचा दोष नाही.

ते पोट कोठे भरते, हे सर्वज्ञात आहे. बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, अनेक कोयत्यांची मिळून टोळी होते, आणि टोळीचा मुकादम कारखान्याकडून आलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, पावसाळ्यातच मजुरांच्या हाती ठेवतो. त्या उचलीतून आजारपण निभते, लग्न होते, घराचे पत्रे बदलतात. आणि ती फेडण्यासाठी पुढचे पाच-सहा महिने पालावर काढावे लागतात. या व्यवस्थेतील शोषणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिले जाणे आवश्यकच आहे. परंतु नदीच्या कामाचे नियोजन करणाऱ्याने तिच्यातील एक गोष्ट निराळी पाहावयास हवी: मुकादमाचा पैसा कामाच्या आधी येतो आणि शासनाचा कामानंतर, तोही अनेकदा लांबून. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा केला, देशाने 2005 मध्ये तो विचार स्वीकारून वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली, मजुरी पंधरा दिवसांत द्यावी असे बंधन घातले, ठेकेदार आणि मजुरांची जागा घेणारी यंत्रे यांना मज्जाव केला. इतका चांगला कायदा होऊनही बीडचा तरुण कोयता उचलत आला, कारण पावसाळ्यात हाती काहीच नसलेल्या घराला उन्हाळ्यातल्या हजेरीपटाचे आश्वासन पुरत नाही. नाल्याच्या कामाचा हंगाम पाऊस उघडल्यापासून मे महिन्यापर्यंत चालतो आणि ऊसतोडीच्या हंगामाने त्याचा मोठा भाग गिळलेला असतो. गावात उरतात वृद्ध, मुले आणि भाड्याने आणलेले जेसीबी.

तरुणांच्या पथकांकडून जमीन आणि पाणी यांचे काम करवून घेण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत महामंदीच्या काळात झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1933 मध्ये उभारलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरमध्ये 1942 पर्यंत सुमारे 30 लाख बेरोजगार तरुणांनी काम केले, धूप रोखली आणि सुमारे 300 कोटी झाडे लावली. महिन्याचे वेतन 30 डॉलर असे आणि त्यातील साधारण 25 डॉलर थेट घरी पाठविले जात. या योजनेत कृष्णवर्णीयांच्या छावण्या बहुतांशी वेगळ्या ठेवलेल्या होत्या आणि स्त्रियांना तीत प्रवेश नव्हता, म्हणून तिचा आदर्श जसाच्या तसा घेण्यासारखा नाही. परंतु तिच्यातील दोन गोष्टी बीडसाठी मोलाच्या आहेत. वेतन ठरल्या वेळी घरापर्यंत पोहोचत होते, ही पहिली. दुसरी अशी की प्रत्येक छावणीत त्या भागातील जाणत्या कारागिरांना पगारावर घेऊन शहरातून आलेल्या पोरांना त्यांच्या हाताखाली ठेवले जात होते. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिने तरुणांना श्रमाची प्रतिष्ठा शिकविली. मात्र ती संस्काराची छावणी होती, उपजीविकेची नव्हती, आणि बीडच्या तरुणाला या दोन्हींची गरज आहे.

नदीच्या कामासाठी गावोगावी कायम टोळी असावी, असा विचार येथे मांडावासा वाटतो. टोळी हाच शब्द ठेवावा, कारण टोळीने काम करणे, कामाची वाटणी करणे आणि हिशेब चोख ठेवणे या जिल्ह्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. एका ओढ्याच्या पाणलोटापुरती पंधरा-वीस तरुण-तरुणींची टोळी, तिला वर्षभराचा करार, आणि दगडाची कोरडी रचाई जाणणारा, विहिरी खोदून थरांची नजर आलेला गावातलाच एखादा वयस्क माणूस तिचा प्रमुख. ही रचाई पुस्तकातून येत नाही. कोणता दगड कोणत्या अंगाने बसवला म्हणजे पाण्याच्या धक्क्याने तो सुटत नाही, हे हाताला कळावे लागते, आणि असे हात आता गावात थोडे उरले आहेत. टोळीच्या कामाचे वर्ष नदीच्या वर्षाप्रमाणे आखता येईल. पावसाळा संपताच ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी मोजणे, पुराने उघड्या पाडलेल्या बांधांची डागडुजी करणे, हिवाळ्यात पात्रातील वेडी बाभूळ मुळासकट काढणे, उन्हाळ्यात माथ्यावरचे चर आणि घळींतील बांध करणे, मृगानंतर काठावर करंज, जांभूळ, उंबर, निर्गुडी लावणे आणि ती जगविणे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. टोळीने गावच्या विहिरींच्या नोंदी त्याच महिन्यांत ठेवल्या, तर आपल्या कामाने पाणी वाढले की नाही, याचा निवाडा गाव स्वतः करू शकेल.

व्यवस्थापनाचा खरा कस मजुरीच्या मोजमापात लागतो. मातीकामाचा दर खोदाईच्या प्रकारावर ठरतो. मऊ माती, मुरूम आणि कठीण मुरूम यांचे दर वेगळे असतात, आणि मोजणाऱ्याने कठीण मुरूम साधा म्हणून लिहिला तर दिवसभर पहार चालविणाऱ्याच्या हाती अर्धी मजुरी पडते. मोजमाप पुस्तिकेतील नोंद टोळीसमोर वाचून दाखविली जाणे, टोळीतल्या दोघा-तिघांना ते मोजमाप स्वतः करता येणे, ही मागणी साधी दिसते, पण गैरव्यवहाराची बहुतेक दारे तिनेच बंद होतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जात असल्याने काम पहाटे सुरू होऊन दहा-अकराला थांबले पाहिजे. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावे, ही तरतूद रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यातच करण्यात आली होती. ती कागदावरून कामावर उतरविणे स्त्रियांसाठी निर्णायक ठरेल. कोयत्यात बाईचे श्रम अर्धे असतात, परंतु उचल आणि हिशेब पुरुषाच्या नावे होतो. नदीच्या टोळीत प्रत्येकीचे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र बँक खाते असले, तर तिच्या श्रमाची नोंद कदाचित पहिल्यांदाच तिच्या नावावर होईल.

यासाठी लागणारा पैसा नवा असण्याची गरज नाही. रोजगार हमी, पाणलोट विकास, गाळमुक्त धरण योजना आणि उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी यांतून आज जो खर्च यंत्राच्या तासांवर होतो, त्याचा एक भाग वर्षभराच्या मजुरीकडे वळविता येईल. धरणातला साठलेला गाळ काढणे किंवा मोठा दगड फोडणे अशी यंत्राचीच कामे यंत्राने करावीत. त्यांना विरोध करण्यात शहाणपण नाही. अडचण वेळेची आहे. ग्रामपंचायतीच्या कामांचा आराखडा आणि मजुरांचा अंदाज 15 ऑगस्ट ते 2 ऑक्टोबर या काळातील ग्रामसभांतून पुढे जात आला आहे, त्याला मंजुरी मिळून कामे निघेपर्यंत हिवाळा येतो, आणि तोवर मुकादमाची उचल घरोघरी पोहोचून खर्चही झालेली असते. नदीच्या टोळीचा करार व्हावयाचा असेल तर तो पोळ्यापूर्वी, आणि पहिल्या महिन्याचे वेतन आगाऊ देऊनच व्हावा लागेल.