शुगर म्हणजे कोणती शुगर?

गेल्या महिन्यात इंदूरला मावसबहिणीकडे चार दिवस राहून आले. सकाळी रिवाजाप्रमाणे पोहे-जिलेबी आली. तिच्या मुलाने पोटाला इन्सुलिनचे पेन टोचले आणि एक जिलेबी उचलली. आई काहीच बोलली नाही. मला नवल वाटले.

दोन वर्षांपूर्वी, पंचविशीत, त्याला शुगर निघाली. टाईप टू समजून गोळ्या सुरू झाल्या. पथ्य पाळूनही शुगर चढती आणि वजन उतरते. "ताई, वर्षभर मी त्यालाच बोलत होते, की तू चोरून गोड खातोस," ती म्हणाली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी आणखी तपासण्या करवल्या आणि कळले, हा टाईप वन.

मराठीत मधुमेह म्हणा, कानडीत सक्करे कायिले म्हणा, नाव एकच, दुखणी मात्र निरनिराळी. टाईप वनमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन बाहेरूनच घ्यावे लागते. टाईप टूमध्ये इन्सुलिन बनते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि पुढे ते कमीही पडू लागते.

लहान मूल असेल तर वन, पोक्त आणि लठ्ठ असेल तर टू, हा जुना ठोकताळा. चरकसंहितेतही प्रमेहाचे कृश आणि स्थूल असे दोन रोगी सांगितले आहेत. पण नुसत्या अंगकाठीवर विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून दिसले, की आपली माणसे दिसायला सडपातळ असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. म्हणून बारीक माणसालाही टाईप टू होतो. उलट टाईप वन तिशी-चाळिशीतही होतो आणि सुरुवातीला गोळ्यांवर भागल्यासारखेही वाटते.

शिवाय 'मोडी' नावाचा एक प्रकार आहे. आपल्या मोडी लिपीशी त्याचा संबंध नाही, पण ओळखायला तोही तितकाच अवघड! एका जनुकातल्या दोषामुळे तो घराण्यात पिढ्यान्पिढ्या उतरतो. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल 2025 मध्ये 'टाईप फाईव्ह' म्हणून मान्यता दिली.

मग ओळखायचे कसे? सी-पेप्टाइडच्या तपासणीवरून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते याचा अंदाज येतो. गॅड अँटिबॉडीची तपासणी टाईप वनकडे बोट दाखवते. एकाच तपासणीवर नेहमी निकाल लागत नाही. वय, वजन, घराण्याचा इतिहास सारे एकत्र पाहावे लागते. तरुणपणी शुगर निघाली, वजन भराभर घटले किंवा गोळ्या लागू पडेनात, तर "हा नक्की कोणता प्रकार?" असे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात संकोच कसला?

एक मात्र कधीही करू नका. कुणाच्या सांगण्यावरून, कारल्याच्या रसाच्या भरवशावर इन्सुलिन बंद करू नका. टाईप वनच्या रुग्णाच्या ते जिवावर बेतते. उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास दिसला तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

इन्सुलिनचा हिशेब शिकल्यावर मुलाचे वजन भरून आले. एखादी जिलेबी त्या हिशेबात बसते. "पण वर्षभर बोलले ते शब्द कसे परत घेऊ?" बहिणीने विचारले. मुलगा हसला आणि म्हणाला, "आई, आधी पोहे वाढ."