वहींतील आकृतीची साक्ष

मानवी शरीरांतील ऊती ओळखावयास शिकविण्याचा प्रसंग आला म्हणजे दरवर्षीं एकच देखावा माझ्या दृष्टीस पडतो. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो, क्षणभर पाहतो, “दिसलें, सर” असें म्हणतो, आणि जागेवर जाऊन पाठ्यपुस्तकांतील आकृति वहींत उतरवून काढतो. आकृति सुबक असते, नांवें बिनचूक असतात. मात्र काचपट्टीवर जें होतें त्याचा तींत मागमूसहि नसतो. आम्ही शिक्षक तिकडे पुष्कळदां काणाडोळा करतों. मींहि केला आहे. ही चाल आतां सोडली पाहिजे, असें माझें मत आहे.

ऊती ओळखणें ही पाठांतराची बाब नसून पारखण्याची आहे. मुख्य प्रकार चारच: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. हीं नांवें एका संध्याकाळीं पाठ होतात. परंतु काचेवर नांव लिहिलेलें नसतें. तेथें असतो मिलिमीटरच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतका पातळ काप. भेंडी आडवी चिरली तर चकती निघते, उभी चिरली तर लांब फांक निघते, भेंडी एकच. स्नायूच्या तंतूंचेंहि तसेंच आहे. उभ्या कापांत ते फितीसारखे दिसतात, आडव्या कापांत वाटोळे.

रंगावर विसंबणाराहि फसतो. हीमॅटॉक्सिलीन व इओसिन ह्या नेहमींच्या जोडीनें केंद्रकें निळींजांभळीं होतात आणि बाकीचा बराच भाग गुलाबी होतो. स्नायू गुलाबी, आणि त्याला हाडाशीं जोडणारी कंडराहि गुलाबी! मग भेद कसा करावा? केंद्रकें कोठें आहेत तें पाहावें. कंडरेंत तीं तंतूंच्या रांगांमध्यें चेपून बारीक झालेलीं असतात. आंतड्याच्या स्नायूंत चातीसारख्या प्रत्येक पेशीच्या मध्यभागीं एकच केंद्रक असतें. हातापायांच्या स्नायूंत तंतूंवर आडव्या रेघा असून केंद्रकें पुष्कळ व कडेला असतात. हृदयाच्या स्नायूंतहि रेघा आहेत, पण तंतूंना फांटे फुटलेले असतात व केंद्रक मध्यभागीं असतें. हें सारें डोळ्यांनींच शोधावें लागतें.

एकदां गालाच्या आंतील पेशी पाहतांना एका मुलानें वहींत जाड काळ्या कडेचें एक वर्तुळ काढलें आणि खालीं लिहिलें, “हें काय तें कळलें नाहीं.” तो हवेचा बुडबुडा होता. वर्ग हंसला, मीं मात्र त्याला अधिक गुण दिले. दुसऱ्या दिवशीं सुबक आकृति काढणाऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील भेटावयास आले व आपल्या मुलाला कमी गुण कां, असें विचारूं लागले. मीं त्यांना एवढेंच सांगितलें कीं, ती आकृति पुस्तकाची आहे, मुलाची नाहीं. बुडबुडा काढणारा मुलगा पुढें मेदपेशी ओळखण्यांत चुकला नाहीं. तिची कड नाजूक असते व केंद्रक एका बाजूस ढकललेलें असतें, हें त्यानें आपण होऊन दाखविलें.

पाहण्याचें मोल किती, हें चेतापेशींच्या इतिहासावरून कळतें. इटलीचे कामिल्लो गॉल्जी ह्यांनीं १८७३ सालीं चांदीच्या क्षारानें ऊती रंगविण्याची रीति प्रसिद्ध केली. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल ह्यांनीं १८८७ पासून तीच रीति वापरली. रीति एक, पण गॉल्जींना अखंड जाळें दिसलें आणि काहालांना सुट्या पेशी. १९०६ सालीं नोबेल पारितोषिक दोघांत विभागलें गेलें, तरी मतभेद मिटला नाहीं. पुढें १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पेशींमधील फट दाखविली व काहाल ह्यांची साक्ष खरी ठरली. ह्याच काहालांचें बालपणींचें चित्रकलेचें वेड वडिलांना रुचत नसे. त्यांनीं मुलाला केस कापणाऱ्याकडे व जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस धाडलें होतें. अखेर चित्रें काढणारा तोच हात विज्ञानाच्या कामीं आला.

परीक्षेंत वेळ थोडा असतो व तेथें सुबकपणाच पाहिला जातो, असें कोणी म्हणेल. तें कांहीं अंशीं खरें आहे. परंतु ज्यानें वर्षभर खरोखर पाहिलें, त्याला परीक्षेंतहि थोड्या वेळांत दिसतें. शिवाय उद्यां आपल्यांतलाच कोणी रोग्याच्या गांठीचा काप तपासावयास बसेल. तेथें न पाहिलेलें लिहिलें तर एखाद्याच्या प्राणावर बेतेल. खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाहीं. ती प्रयोगवहीलाहि लागू आहे.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, प्रथम कमी शक्तीच्या भिंगांतून सबंध काप पाहा, मग मोठें भिंग लावा. पुस्तक मिटलेलें ठेवून आकृति काढा, नंतर ताडून पाहा. जें कळलें नाहीं तें तसें लिहा. बेथसैदा येथील आंधळ्याला प्रथम माणसें झाडांसारखीं दिसलीं. त्यानें तें न लपवितां सांगितलें, आणि मग त्याला स्पष्ट दिसूं लागलें. पालकांनाहि नम्र विनंति आहे कीं, प्रयोगाच्या दिवशीं मूल घरीं आलें म्हणजे “गुण किती मिळाले?” ह्याच्या आधीं “आज काय पाहिलेंस?” असें विचारावें.