पाण्याचे वाटप आणि तीन वर्षांचे मूल

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्व पट्ट्यातील, म्हणजे माण, खटाव, खानापूर, आटपाडी आणि जत या तालुक्यांतील शेतीची चर्चा निघाली की एक समजूत सिद्धांताच्या थाटात पुढे केली जाते: उपसा सिंचनाने, म्हणजे नदीचे पाणी पंपांनी उंचावरील कोरडवाहू भागात चढवल्याने, ऊस येतो, उसाने पैसा येतो आणि पैशामागून शिक्षण आपोआप येते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा महिला व बालविकास खात्याचा विषय असून त्याचा पाण्याशी आणि पिकाशी संबंध जोडणे ही निव्वळ गल्लत होय, असे तिला जोडूनच सांगितले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या नेमके उलट आहे: या पट्ट्यात लहान मुलाला बालवाडी लाभेल की नाही, हे सर्वांत आधी गावाच्या पाण्याच्या वाटपावरून ठरते.

पहिली समजूत पूर्णतः खोटी नाही, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहे. कृष्णाकाठी, वाळवा आणि कराड तालुक्यांत, ऊस आणि सहकारी साखर कारखाने यांच्या बळावर शाळा-महाविद्यालये उभी राहिली, हे श्रेय कोणीही नाकारू नये. परंतु ऊस तोडावाही लागतो, आणि तो तोडण्यासाठी बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यातून आणि जतसारख्या शेजारच्याच दुष्काळी तालुक्यातून कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. या मजुरीचे एकक ‘कोयता’ आहे, म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. तिने मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे ‘उचल’, टनांच्या हिशेबाने फेडायची असल्यामुळे आईला मुलासाठी मागे राहण्याची मुभा उरत नाही. हंगामी वसतिगृहांची योजना शाळकरी वयाच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांचे मूल तिच्यात बसत नाही, ते आईबरोबर फडावर जाते, आणि पुष्कळदा त्याला सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीचीही शाळा सुटते. एका गावच्या उसातून उभ्या राहिलेल्या शाळेची किंमत अशा रीतीने दुसऱ्या गावचे मूल मोजत असेल, तर त्या व्यवहाराला विकास म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसऱ्या समजुतीला कायद्याच्या रचनेनेच बळ दिले आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली, आणि 2013च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तेथील आहार हा सहा वर्षांपर्यंतच्या बालकाचा हक्क ठरवला. मात्र 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने हक्काची मर्यादा सहा ते चौदा वर्षे ठेवली आणि तीन ते सहा वयोगटासाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’, एवढेच म्हटले. मुलाच्या पोटाला हक्क मिळाला आणि त्याच्या बुद्धीला सदिच्छा मिळाली. अंगणवाडी म्हणजे खाऊवाटपाचे केंद्र, हा समज रूढ होण्याचा दोष म्हणूनच सेविकेच्या माथी मारता येत नाही.

आता मंडनाकडे वळता येईल. 1982च्या मुंबईतील गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांपुढे दुष्काळच उभा होता. त्या परिस्थितीतून मुक्ती संघर्ष चळवळ आकाराला आली, डॉ. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्याशी जोडले गेले, आणि बलवडी व तांदूळवाडी येथील ग्रामस्थांनी येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीपात्रातील वाळू ठेकेदारांच्या हाती न जाऊ देता तिच्या विक्रीतून धरणासाठी पैसा उभारावा, हा विचारच क्रांतिकारक होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धरणाचे पाणी जमिनीच्या आकारावर न वाटता भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा त्यावर समान हक्क मानला गेला. यालाच समन्यायी पाणीवाटप म्हणतात, आणि उसाचा मोह आवरल्याशिवाय ते टिकत नाही, कारण बारमाही उसाची तहान भागवली की इतरांच्या ज्वारीला, कडधान्याला आणि चाऱ्याला पाणी उरत नाही. भूमिहीन कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळतो तेव्हा त्याला गावात राहण्याचे कारण मिळते, आणि अंगणवाडीच्या पटावरील मूल दिवाळीनंतरही पटावर राहू शकते.

असे प्रयोग एखाद्या गावापुरतेच शोभतात, हा आक्षेप उरतो. त्याचे उत्तर केनियात सापडते: तेथे 1963च्या स्वातंत्र्यानंतर ‘हरंबी’ या सामूहिक साहाय्याच्या परंपरेतून लोकांनी गावोगाव शाळा उभारल्या, बालवाड्याही चालवल्या. म्हणजे गरीब शेतकरी समाज लहान मुलांसाठी सामूहिक भार उचलू शकतो. पण पालकांची वर्गणी पावसावर अवलंबून असेल, तर दुष्काळात तीच सर्वप्रथम आटते. तेव्हा बालवाडी लोकांच्या दानावर सोडून शासनाने हात झटकणे हा आक्षेपावरचा उपाय नव्हे. सेविकेचे योग्य मानधन शासनाचेच दायित्व आहे.

शिकवायचे काय, याची चिंता मात्र फार वाहण्याचे कारण नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीत, आणि पुढे कोसबाडला, बालवाडी आदिवासी पाड्याच्या अंगणात नेऊन बिया, पाने, खडे आणि माती यांनाच शिक्षणसाधने केले. माण-आटपाडीच्या मुलाला बाजरीचे कणीस, करडईचे काटेरी बोंड आणि मेंढीची लोकर हाताशी आहे; ती वर्गीकरणाला, मोजणीला आणि बोलण्याला पुरेशी आहेत, आणि इंग्रजी अक्षरे घोकवणाऱ्या शिशुवर्गापेक्षा अधिक पोषक आहेत.

टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांचे पाणी या तालुक्यांत पोहोचू लागले असताना लाभक्षेत्राचा हिशेब केवळ हेक्टरांत मांडणे थांबले पाहिजे. प्रत्येक गावच्या पाणीवाटपाच्या आराखड्यात भूमिहीन कुटुंबांचा वाटा आणि हंगामात बाहेर पडणाऱ्या सहा वर्षांखालील मुलांची संख्या नोंदवावी, आणि जोवर ती संख्या शून्यावर येत नाही तोवर ज्या कारखान्याच्या फडावर ती मुले जातात त्याच्या गाळप परवान्याला तेथील अंगणवाडीची अट जोडावी.