थर्मास, थर्मामीटर आणि एन्झाइम

'कॅलरीमीटर' म्हटलं की काय आठवतं? तांब्याचं भांडं, लाकडी पेटी आणि सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली रीडिंग्ज! सबमिशन झालं, विषय संपला.

पण आपल्या नाशिकचंच बघा. २००० साली इथे सुलाची वायनरी सुरू झाली, मग आणखी कितीतरी आल्या. वायनरीतल्या स्टीलच्या टाक्या बाहेरून सतत थंड ठेवाव्या लागतात. का? यीस्टमधली एन्झाइम्स द्राक्षाच्या साखरेचं अल्कोहोल करतात तेव्हा उष्णता बाहेर पडते. ती काढली नाही तर टाकी तापते, यीस्ट मरतं आणि साखर तशीच उरते. म्हणजेच, तासाला किती उष्णता निघतेय हे मोजलं की आत साखर किती वेगाने संपतेय तेही कळतं!

संशोधक हेच फार बारीक प्रमाणावर करतात. द्रावणाचा रंग बदलत नसला, ते गढूळ असलं, तरी अडत नाही. कारण बहुतेक प्रत्येक रिअॅक्शन उष्णता देते किंवा घेते. त्यांची यंत्रं वॅटचा दहा लाखावा भागही पकडतात. किंमत अर्थातच लाखांत. पण तत्त्व आपल्या पेटीतलंच.

मग आपण का करू नये? मोठ्या थर्मासमध्ये ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १०० मिली घ्या, चमचाभर भिजवलेलं यीस्ट टाका. ऑक्सिजन सुटतो, फेस येतो, म्हणून झाकण घट्ट लावू नका. दर १५ सेकंदांनी तापमान लिहा. हिशेबाने साधारण २० अंश वाढायला हवेत. आपले कमीच भरतील. मग यीस्ट निम्मं करून बघा. वेग घटेल, पण एकूण वाढ जवळपास तेवढीच राहायला हवी. एन्झाइम घाई करतं, उष्णता वाढवत नाही, हे पुस्तकापेक्षा इथे पक्कं कळतं.

आता खरा मुद्दा. आपण रीडिंग्ज का छापतो? कारण मार्क 'बरोबर' उत्तराला मिळतात. सरांना आणि मॅडमना नम्र विनंती, २० ऐवजी १५ अंश आले तर मार्क कापू नका. 'उरलेले ५ कुठे गेले?' असं व्हायवात विचारा. त्याचं उत्तर कुठल्याच सीनियरच्या जर्नलमध्ये सापडणार नाही. आणि उद्या एखाद्या वायनरीत टाकी तापायला लागली, तर तिथेही जर्नल उपयोगी पडणार नाही. तेव्हा स्वतः मोजलेलंच कामाला येईल. पटतंय ना?